दंड २१३ कोटींचा झाला, पण गावच्या फोनमधल्या माहितीचं काय?

बाजारभाव, डेअरीचा निरोप, थ्री फेज लाइट रात्री की दिवसा, कुणाच्या दशक्रियेची वेळ, सगळं आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळतं. पैसा एक लागत नाही. मग ही कंपनी चालते कशावर, हे पारावर फारसं कुणी विचारत नाही.

आपला मेसेज कुणी वाचत नाही, असं लोक सांगतात आणि ते खरं आहे. मेसेज कुलूपबंद जातो, तो कंपनीलाही उघडता येत नाही. पण पाकीट बंद असलं तरी पोस्टमनला वरचा पत्ता दिसतोच की! कोण कुणाशी किती वेळा बोलतं, फोन कोणता आहे, अ‍ॅपला परवानगी दिली तर आत कुणाकुणाचे नंबर आहेत, ही सगळी नोंद होते. जाहिरातीच्या धंद्यात तिला किंमत आहे.

२०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं. २०१६ मध्ये माहिती फेसबुकला देण्याची अट आली, तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांना निदान ‘नको’ म्हणता येत होतं. जानेवारी २०२१ च्या नव्या धोरणात तेही गेलं. मान्य करा, नाहीतर अ‍ॅप सोडा. गावच्या माणसाने सोडून जायचं कुठं? सगळे तिथंच. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला आणि जाहिरातीसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड ठेवला, बंदी उठवली.

केंद्राचा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांना मुख्य अटी पाळायला त्यापुढे १८ महिने. संमतीची सूचना मराठीतही मागता येणार, ही त्यातली कामाची गोष्ट. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही नाही.

आणि सगळंच कंपनीवर ढकलून कसं चालेल? ई-केवायसी राहिली म्हणून आधार कार्ड आणि पासबुकाचा फोटो थेट ग्रुपवर टाकणारे आपलेच लोक आहेत. त्या ग्रुपात गाव सोडून गेलेला असतो, कुणाचा तरी एजंट असतो. पीएम किसानच्या नावाने फिरणारी ‘एपीके’ फाइल अशाच ग्रुपमधून येते. ती उघडली की ओटीपीचे मेसेज भलत्याकडे जातात आणि खातं रिकामं होतं. तसं झालं तर लगेच १९३० ला फोन लावायचा.

आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट निघतं. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप, मग परमिशन असं गेलं की कोणी काय घेतलंय ते दिसतं. टॉर्चच्या अ‍ॅपला पाव्हण्यारावळ्यांचे नंबर कशाला लागतात? ते तिथंच बंद करता येतं.