रुमालाबाहेरचा सौदा

भंडाऱ्यात पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर पोरं अजूनही न्यूकॅसलच्या फुटबॉलपटू इसाकच्या सौद्यावरून हमरीतुमरीवर येतात. लिव्हरपूलचे ११ कोटी पौंड न्यूकॅसलने धुडकावले, गडी खेळायलाच तयार होईना, आणि १ सप्टेंबर २०२५ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो साडेबारा कोटींना गेला. ‘अडून बसले म्हणून तं दीड कोटी जास्त भेटले बे!’ असं एका गटाचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजाऱ्यालाही कळत नाही. इथे प्रत्येक आकडा संध्याकाळपर्यंत जगजाहीर. न्यूकॅसलला घाई आहे, पैसाही येणार, हे दिसत असताना इसाकच्या जागी हवा असलेला आपला वोल्टेमाडे स्टुटगार्ट क्लब स्वस्तात कशाला सोडणार होता?