पानावर वाढलेली आठवण

म्हाळाच्या दिवसांत हा अंक तुमच्या हाती देताना आम्ही गडहिंग्लजच्या बाजारातून थेट मेक्सिकोला निघालो आहोत. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचा. इथे पोत्यांनी येणाऱ्या मिरचीचं मूळही तिथलंच. पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला ‘मृतांचा दिवस’ पाळतात. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं जेवण, पाण्याचा पेला मांडतात आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, त्याला घर सापडावं म्हणून. मेक्सिको सिटीत २०१६ पासून मोठी मिरवणूकही निघते. आमचं मन मात्र त्या पाण्याच्या पेल्यापाशीच अडलं.

आपणही वडे, खीर वाढून कावळ्याची वाट बघतो. तो शिवेना की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आबांना चहा लागायचा, तो ठेवा.’ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारी आपली मुलं विचारतात, गॅलरीत कावळा येत नाही, मग म्हाळ कसा घालायचा? त्यांच्यासाठी हा अंक विधींपेक्षा गेलेल्यांच्या आवडीनिवडींवर काढला आहे. तुमच्या घरी कुणासाठी काय वाढतात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. जमलं तर कृतीसकट.