हेवी मेटलचा सातबारा कोणाच्या नावावर?

हेवी मेटल हे सैतानाचं संगीत आहे, असं 1980 च्या दशकातल्या अमेरिकेत दोन गट छातीठोकपणे सांगत होते आणि या दोन गटांचं एकमेकांशी कधीच पटलं नसतं. चर्चमधले उपदेशक ते धोक्याची सूचना म्हणून सांगत, मेटलचे कट्टर चाहते अभिमानाने. या संगीताचा सातबारा कोणाच्या तरी नावावर केव्हाच चढलेला आहे, हे दोघांनीही न तपासता धरून चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रायपर या ख्रिस्ती हेवी मेटल बँडची 1983 पासूनची वाटचाल मला महत्त्वाची वाटते ती म्हणूनच. संगीताच्या एखाद्या प्रकारावर कोणत्याही श्रद्धेची किंवा अश्रद्धेची कायमची मालकी नसते. जो तो प्रकार मेहनतीने आत्मसात करतो आणि ज्याच्याकडे त्यातून सांगण्यासारखं मनापासूनचं काही असतं, त्याचा तो होतो. स्ट्रायपरच्या यशातून हे जेवढं दिसतं, त्याहून जास्त त्याच्या अपयशातून दिसतं.

मुळात मेटलवर सैतानाचा शिक्का बसला कसा? ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 मध्ये आला आणि त्यातलं काळोखी वातावरण लोकांच्या मनावर ठसलं. पण त्याच बँडची बहुतेक गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला होता आणि 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये ‘आफ्टर फॉरएव्हर’ नावाचं गाणं आहे, ज्यात देवाला नाकारणाऱ्यालाच उलट प्रश्न विचारले आहेत. म्हणजे ज्यांना या संगीताचे जनक मानलं जातं, त्यांच्या तिसऱ्याच अल्बममध्ये श्रद्धेची बाजू मांडणारं गाणं होतं. पुढे व्हेनम, मर्सीफुल फेट असे बँड आले, त्यांनी सैतानाची प्रतिमा उघडपणे वापरली आणि शिक्का पक्का झाला. 1985 मध्ये टिपर गोर यांच्या पुढाकाराने पालकांच्या संघटनेने आक्षेपार्ह गाण्यांविरुद्ध मोहीम उघडली, प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं. 1990 मध्ये नेव्हाडातल्या रीनो शहरात जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. गाण्यात दडवलेल्या संदेशांमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा आरोप होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. पण भीती किती खोल गेली होती, हे या खटल्यावरून कळतं.

अशा दिवसांत ऑरेंज काउंटीतल्या मायकेल आणि रॉबर्ट स्वीट या भावांनी ‘रॉक्स रेजीम’ हे आपल्या बँडचं नाव बदलून ‘स्ट्रायपर’ केलं. गिटारवर ऑझ फॉक्स आणि बासवर टिम गेन्स. नाव बायबलमधल्या यशयाच्या 53 व्या अध्यायातून घेतलं. तिथे ख्रिस्ताच्या अंगावरच्या वळांचा (इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’) उल्लेख आहे, असं ख्रिस्ती लोक मानतात. त्या वळांचीच आठवण म्हणून कपडे, गिटारी, ड्रम, सगळ्यांवर पिवळे-काळे पट्टे आले. कार्यक्रमादरम्यान बायबलमधल्या नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत फेकल्या जात. रॉबर्ट आपला ड्रमसेट प्रेक्षकांसमोर आडवा लावायचा, त्यामुळे त्याचे हात, पाय, चेहरा सगळं बाजूने दिसायचं. एरवी झांजांच्या मागे लपणारा ड्रमवादक इथे उघड्यावर आलेला असे. एवढा देखावा पाहून हा सगळा वेशभूषेचा खेळ आहे असं कोणालाही वाटेल, म्हणून कान संगीताकडे वळवायला हवेत. मायकेल आणि ऑझ एकच धून दोन गिटारींवर, सुरांचं ठरावीक अंतर राखून, जराही न घसरता वाजवतात. त्यावर मायकेलचा तार सप्तकात चढणारा आवाज येतो आणि धृपदाला सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळतात. हे काम तालमीशिवाय जमत नाही. 1984 मध्ये एनिग्मा या कंपनीकडून त्यांची छोटी तबकडी निघाली, 1985 च्या ‘सोल्जर्स अंडर कमांड’च्या पाच लाखांवर प्रती खपल्या आणि 1986 च्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यातलं ‘ऑनेस्टली’ हे संथ गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत 23 व्या क्रमांकापर्यंत गेलं. चर्चच्या पुस्तकविक्री केंद्रांपुरता हा श्रोतावर्ग नव्हता. एमटीव्हीवर मुलं फोन करून त्यांची गाणी मागत होती.

तरीही पहिला मोठा प्रहार झाला तो घरातूनच. स्वीट कुटुंब 1970 च्या दशकात श्रद्धेकडे वळलं ते दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध उपदेशक जिमी स्वॅगर्ट यांचा कार्यक्रम पाहून. त्याच स्वॅगर्ट यांनी पुढे ख्रिस्ती रॉकवर कडाडून टीका केली, 1987 मध्ये त्याविरुद्ध पुस्तकच काढलं आणि बायबल असं गर्दीत फेकणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं आहे, असा आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी स्वॅगर्ट स्वतः एका लफड्यात सापडले आणि त्यांना टीव्हीवर रडत माफी मागावी लागली. स्ट्रायपरचे चाहते अजूनही या गोष्टीवर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. उपदेशकाचं वर्तन घसरलं म्हणून त्याचा युक्तिवाद आपोआप खोटा पडत नाही. त्याला उत्तर त्याच्याच जागी द्यायला हवं. स्वॅगर्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या संगीताचा ठेका, आवाज आणि आवेश हेच अपवित्र आहेत, त्यात कोणतेही शब्द घातले तरी ते नासणार. हे म्हणणाऱ्या स्वॅगर्ट यांचा सख्खा मावसभाऊ म्हणजे रॉक अँड रोलच्या आद्य पियानोवादकांपैकी एक असलेला जेरी ली लुईस, आणि दोघांची बोटं लुइझियानातल्या एकाच गावात, त्याच चर्चच्या सुरावटींवर तयार झालेली. चर्चमधून बाहेर पडलेला ठेका बाजारात गेला म्हणून तो चर्चचा राहिला नाही, असं म्हणायला आधार कोणता?

हा वाद मराठी माणसाला परका वाटायला नको. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं ते 1616 मध्ये छापलं गेलं, आणि त्यासाठी त्याने निवडली ओवी. ज्या छंदात ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली, त्याच छंदात त्याने ख्रिस्ताची कथा सांगितली. ओवी बाटली नाही, आणि ख्रिस्तकथाही पातळ झाली नाही. जवळपास तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन हे प्रकार मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. तेव्हाही बाहेरून आलेल्या स्तोत्रांच्या चालींची सवय झालेल्यांना ते खटकलं असणार, पण आज महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये टिळकांची पदं ही अगदी स्वतःची म्हणून गायली जातात. इंग्लंडात मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेने एकोणिसाव्या शतकात दारूच्या गुत्त्यांत आणि नाट्यगृहांत गाजलेल्या चाली उचलून त्यांवर भक्तिगीतं बसवली, त्यावरही धर्मनिष्ठांनी नाकं मुरडली होती. कलेच्या घाटाला स्वभाव असतो, हे मी मान्य करतो. ओवीतून युद्धाचा जोश आणि पोवाड्यातून अंगाईची माया आणणं अवघड. मेटलचा स्वभाव झुंजीचा, गर्जनेचा, टोकाच्या भावनेचा आहे. पण पाप, मरण, न्याय आणि मुक्ती हे ख्रिस्ती धर्माचे विषय तरी कुठे मवाळ आहेत? या विषयांना तो आवाज पेलतो, एवढंच नव्हे तर शोभतो.

दुसरा आक्षेप मेटलच्या बाजूने आला आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. हे संगीत बंडाचं आहे, प्रस्थापिताला आव्हान देणारं आहे. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशात येशूचं नाव घेणं यात बंड कसलं? आणि पिवळे पट्टे, फेकलेली बायबलं, हे सगळं गर्दीत उठून दिसण्यासाठी केलेली विक्रीची युक्ती कशावरून नाही? पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ज्या मंचावर सैतानाचं नाव घेणं हीच रीत झाली, तिथे बंड कशाला म्हणायचं हे पुन्हा तपासावं लागतं. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र बँडने स्वतःच 1990 मध्ये दिलं, तेही आपलं नुकसान करून घेऊन. ‘अगेन्स्ट द लॉ’ या अल्बमसाठी त्यांनी टॉम वर्मन हा निर्माता घेतला. मोटली क्रू या बँडचा ‘शाउट अॅट द डेव्हिल’ घडवणारा हाच निर्माता. पिवळे-काळे कपडे गेले, चामड्याची जाकिटं आली. गाण्यांतून देवाचा उल्लेख जवळपास नाहीसा झाला. अर्थ, विंड अँड फायरचं ‘शायनिंग स्टार’ हे लोकप्रिय गाणं नव्याने वाजवलं. वादनाच्या बाबतीत हा त्यांच्या उत्तम अल्बमांपैकी एक आहे, गिटारी आधीपेक्षा मोकळ्या आणि धारदार आहेत. तरीही त्याचा खप आधीच्या अल्बमांच्या जवळपास गेला नाही. श्रद्धावान चाहते दुखावले, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मेटलचे चाहते आलेच नाहीत. त्या काळात बँडमध्ये दारू शिरली होती आणि आपण जे गात होतो ते जगत नव्हतो, हे मायकेल स्वीटने नंतर उघडपणे सांगितलं आहे. पट्टे ही निव्वळ युक्ती असती, तर ती टाकून दिल्यावर मागे एक सक्षम, चारचौघांसारखा बँड उरायला हवा होता. उरला तो दिशा हरवलेला बँड. 1992 मध्ये मायकेल बाहेर पडला, पुढच्या वर्षी सगळंच थांबलं.

यावर कोणी म्हणेल की दोष श्रद्धा लपवण्याचा नव्हे, काळाचा होता. 1991 मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि फुगवलेल्या केसांच्या, चकचकीत कपड्यांच्या सगळ्याच बँडांचे दिवस भरले. शिवाय एनिग्मा कंपनीही डबघाईला आली होती. यात तथ्य आहे, आणि स्ट्रायपरच्या घसरणीचं सगळं ओझं एका अल्बमवर टाकणं अन्यायाचं ठरेल. पण ‘अगेन्स्ट द लॉ’ 1990 च्या उन्हाळ्यात आला, ‘नेव्हरमाइंड’च्या वर्षभर आधी. त्या वर्षी त्या धाटणीचे बाकीचे बँड अजून जोरात विकले जात होते. लाट उलटण्याआधीच या बँडचा पाया सुटला होता.

सगळा दोष काळाचाच असता, तर पुढचं घडलंच नसतं. 2003 मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, 2005 मध्ये ‘रीबॉर्न’ निघाला आणि 2013 पासून इटलीतल्या फ्रंटियर्स या कंपनीसाठी त्यांनी एकामागून एक अल्बम दिले. ‘नो मोअर हेल टू पे’, ‘फॉलन’, 2018 चा ‘गॉड डॅम ईव्हिल’, 2020 चा ‘ईव्हन द डेव्हिल बिलीव्ह्ज’, 2022 चा ‘द फायनल बॅटल’, 2024 चा ‘व्हेन वी वेअर किंग्ज’. आता दहा लाख प्रती खपण्याची आशा नाही, एमटीव्ही नाही, तरुणपण नाही. ऑझ फॉक्सला 2018 मध्ये लास व्हेगासमध्ये मंचावरच झटका आला आणि मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं, तरी तो गिटार वाजवतो आहे. जी युक्ती पैशासाठी केलेली असते, ती पैसा आटल्यावर कोणी वीस वर्षं करत राहत नाही. आणि संगीत मवाळ झालं का? उलट या वर्षांतले अल्बम ऐंशीच्या दशकातल्यापेक्षा जड आहेत, गिटारी खालच्या सुरात, ड्रम अंगावर येणारे. 2011 च्या ‘द कव्हरिंग’मध्ये त्यांनी जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन आणि ब्लॅक सॅबथची गाणी गाऊन आपलं सांगीतिक घराणं जाहीर केलं, आणि 2015 च्या ‘फॉलन’मध्ये ज्याचा उल्लेख आधी आला ते सॅबथचं ‘आफ्टर फॉरएव्हर’ घेतलं. आधी मेटल शिकणं, मग त्यातून आपलं म्हणणं मांडणं, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. धर्मनिष्ठांशी त्यांचं अजूनही पूर्ण जमत नाही. 1986 च्या अल्बमचं पहिलं मुखपृष्ठ, ज्यात देवदूत सैतानाला खाली लोटताना दाखवले होते, वादामुळे बदलून निव्वळ काळं करावं लागलं होतं. ‘गॉड डॅम ईव्हिल’च्या नावामुळे वॉलमार्टने तो अल्बम दुकानात ठेवायला नकार दिला, असं बँडने सांगितलं. दोन्ही वेळा शीर्षकाचा सरळ अर्थ वाईटाचा धिक्कार हाच होता.

उरतो तो आपल्याकडे पहिल्यांदा उठेल असा आक्षेप. गाण्याच्या कार्यक्रमात धर्मग्रंथ वाटणं हा प्रचार नाही का? आहे, आणि बँडने तो कधी लपवला नाही. नाव, कपडे, पहिलं गाणं, सगळीकडे तो उघड लिहिलेला होता. तिकीट काढून येणाऱ्याला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक होतं आणि अंगावर आलेलं पुस्तक खाली ठेवून द्यायला कोणी अडवत नव्हतं. प्रचार घातक होतो तो आमिष, धाक किंवा फसवणूक यांच्या सोबतीने आला की. त्यापेक्षा गंभीर तक्रार कलेची आहे, आणि ती मी मोडीत काढणार नाही. स्ट्रायपरचे शब्द पुष्कळदा ढोबळ असतात, शंका आणि अंधार यांना त्यांत फार थोडी जागा मिळते, आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ या 1988 च्या अल्बममधली काही गाणी तर गुळगुळीत पॉप आहेत. पण हा दोष त्यांच्या श्रद्धेचा नाही, लेखणीचा आहे. नंतरच्या अल्बमांत, विशेषतः मायकेलची पहिली पत्नी 2009 मध्ये कर्करोगाने गेल्यानंतरच्या, दुःखाला पहिल्यापेक्षा मोठी जागा मिळालेली आहे. पडताळून पाहायचं असेल त्याने ‘अगेन्स्ट द लॉ’ आणि ‘नो मोअर हेल टू पे’ हे दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकावेत. पहिल्यात हात जास्त सफाईदार आहेत. पण दुसऱ्यात काही सांगायचं आहे, आणि ते पहिल्या दोन मिनिटांतच कळतं.