स्टेंटचा दर बांधला. कॅल्शियमच्या थराचे काय?

लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील हृदयरुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या भंडाऱ्याहूनच हे अंतर ६० किलोमीटरांच्या आसपास आहे. खेड्यातून निघणाऱ्याची पायपीट वेगळीच. एवढे करूनही रक्तवाहिनीत कॅल्शियमचा घट्ट थर आढळला, तर नेहमीचा उपचार अपुरा ठरतो. वयोवृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे जुने विकार असलेल्या रुग्णांत हा थर विशेष आढळतो.

१९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी प्रथम रुंद केली. चरबीच्या मऊ थराला हा फुगा सहज दाबतो. दगडासारख्या कवचापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तशात स्टेंट बसवला, तर तो पुरता उघडत नाही आणि त्यात रक्ताची गुठळी होण्याचा किंवा वाहिनी पुन्हा बुजण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा वाहिनीतील कवच आधी फोडावे लागते. त्यासाठी हिऱ्याचे कण बसवलेले, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे सूक्ष्म यंत्र वापरतात. किंवा मुतखडा फोडण्याच्याच तत्त्वाने फुग्यातून आघातलहरी सोडतात. या दुसऱ्या साधनाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

खरा प्रश्न येथे उद्भवतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी तोच लाखापुढे विकला जाई. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु तो स्टेंटपुरताच होता. आघातलहरींचा फुगा स्टेंटच्या कितीतरी पट महाग, आणि तो एकदाच वापरावयाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. मात्र कुटुंबाची मर्यादा वाढली म्हणजे एकेका उपचाराचा ठरीव दरही तितकाच वाढला, असे होत नाही. साहजिकच, स्वस्त स्टेंट हाताशी आणि कवच फोडण्याचे साधन आवाक्याबाहेर, अशा पेचात कवच न फोडताच स्टेंट बसवण्याचा मोह निर्माण होतो. त्याची किंमत काही महिन्यांनी पुन्हा छातीत दुखू लागलेला धानउत्पादक शेतकरी मोजतो.

कॅल्शियम एका रात्रीत साचत नाही. त्याला वर्षे लागतात. भंडाऱ्यातून रुग्णाला पुढे पाठवतानाच मधुमेह किती जुना, मूत्रपिंडाची स्थिती काय, याची नोंद चिठ्ठीवर असली, तर नागपूरच्या डॉक्टरांना साधनाची आणि त्याच्या खर्चाची तजवीज आधीच करता येईल. कागदाच्या या तुकड्याला कोणत्याही मंजुरीची गरज नाही. साधनाच्या दराचा निर्णय मात्र दिल्लीलाच घ्यावा लागेल.