गाडी लागणें आणि खिडकीची जागा



सहलीची मोटारगाडी आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटांत शिरली, कीं कोणाच्या तरी पोटांत ढवळूं लागतें, आणि शेजारचे सोबती हंसूं लागतात. ‘गाडी लागणें’ हा आपण नाजूकपणा समजतों. वस्तुतः तो देहाचा स्वाभाविक धर्म आहे. चार्लस् डार्विन १८३१ ते १८३६ या काळांत ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां त्यास वारंवार बोट लागे. त्यामुळें त्याचें कार्य कांहीं अडलें नाहीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. प्रत्येक कानाच्या अंतर्भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गाडी वळली कीं त्यांतील द्रव किंचित् मागें रेंगाळतो व मेंदूस गतीची वर्दी मिळते. त्याच वेळीं डोळे पुस्तकावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर खिळलेले असले, तर ते ‘सर्व कांहीं स्थिर आहे’ अशी ग्वाही देतात. दोन साक्षीदारांचा मेळ बसत नाहीं, आणि या विसंगतीमुळेंच मळमळ होते, असें शास्त्रज्ञ मानतात.

यावर आतां मोबाईलमध्येंच उपाय निघाला आहे. अ‍ॅपल कंपनीनें २०२४ सालीं आपल्या आयफोनमध्यें तशी सोय केली. अँड्रॉइड फोनांसाठींही अशीं अ‍ॅप मिळतात. फोनमधील गतिमापक यंत्रणा गाडीचें वळणें, वेग घेणें व थांबणें ओळखते, आणि त्याप्रमाणें पडद्याच्या कडांवरील लहान ठिपके सरकतात. अशा रीतीनें डोळ्यांसही गतीची साक्ष मिळते. युक्ति चतुर आहे. ज्यास प्रवासांत निकडीचें कांहीं वाचावेंच लागतें, त्यानें ती अवश्य करून पाहावी. मात्र सर्वांस सारखाच गुण येईल असें समजूं नये.

परंतु पालकांस एक विनंति आहे. हे ठिपके म्हणजे खिडकीबाहेरील सृष्टीची नक्कल होय. झाडें, डोंगर व क्षितिज हीं तीच साक्ष विनामूल्य देत असतात. गाडी हांकणाऱ्यास ती क्वचितच लागते, कारण त्याची दृष्टि रस्त्यावर असते व पुढचें वळण त्यास आधींच ठाऊक असतें. म्हणून मुलास शक्य तों पुढें, खिडकीपाशीं बसवून दूर पाहावयास लावावें. मूल कंटाळूं नये म्हणून त्याच्या हातीं फोन द्यावयाचा, आणि त्यानें मळमळूं लागलें म्हणजे त्याच फोनांत औषध शोधावयाचें, हें ज्याच्यामुळें दुखणें ओढवलें त्यासच वैद्य नेमण्यासारखें आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, पुढील सहलींत ज्यास गाडी लागते त्यास हंसूं नका. खिडकीजवळची जागा त्यास आपण होऊन द्या. कोणत्याही अ‍ॅपला हें करतां येणार नाहीं.