मोरी कुणाच्या सोयीची?

घर बांधताना देवघराच्या दिशेवर तास न् तास चर्चा होते. मोरी उरलेल्या कोपऱ्यात जाते. त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त वेळ वाकून असते ती बाई, पण नकाशाच्या वेळी तिला कुणी विचारत नाही.

चाळीतली मोरी स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. पाणी लांब न्यावे लागत नाही, हा फायदा खराच. पण दार नाही. पुरुषमाणसे बाहेर पडेपर्यंत आंघोळ थांबते, पाळीचे कपडे धुणे तर त्याहून लांबते. पुनर्वसनाच्या इमारतीत दार आणि आतली कडी मिळाली, हे थोडे नव्हे.

गावाकडे स्वच्छ भारत मिशनमध्ये २०१४ पासून संडासासाठी १२,००० रुपये मिळू लागले. न्हाणीघर त्या हिशेबात नाही. म्हणून संडास पक्का, आणि आंघोळ साडीच्या आडोशाला, अंगावरच्या कपड्यांनिशी!

संडासातही निवड असते. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. हंडे वाहणारीला हा फरक कळतो. दोन शोषखड्ड्यांत एक भरला की दुसरा वापरायचा. वर्ष-दोन वर्षांनी पहिल्यातले खत होते. तरी प्रतिष्ठेपायी सेप्टिक टाकी बांधली जाते. ती उपसायला, २०१३ चा कायदा असूनही, माणूस उतरवला जातो. त्याची जात सांगायला नको.

महिला ग्रामसभेत घरकुलाचा विषय निघाला, की नकाशा मागून घ्यावा. न्हाणीघर कुठे? कडी आतून आहे ना? म्हातारीला धरायला दांडी, कापड वाळवायला उन्हाची जागा?