सर्वांच्या पावलांना पुरणारी वाट

हैदराबादेतील मराठी घर म्हटले की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा हे मोहल्ले उभे राहतात. त्याच घरांतील मुले-सुना आता नोकरीच्या सोयीने गच्चीबावली-कोंडापूरकडे राहावयास गेल्या आहेत. एकाच गावात दोन चुली झाल्या आणि आजी-नातवंडांची भेट सणावारावर येऊन ठेपली. अशा कुटुंबांनी रविवारची सकाळ एकत्र घालवावी अशी एक जागा या दोन टोकांच्या मधोमध आहे. ती म्हणजे ज्युबिली हिल्सवरील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान. लोकांच्या तोंडी ‘केबीआर पार्क’.

निजाम घराण्यातील मुकर्रम जाह यांचा चिरान महाल याच आवारात आहे. भोवतालच्या सुमारे ३५० एकर रानाला १९९८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथे मोर आहेत, साळिंदर आहे, खवले मांजरही आहे. वाटेलगत दिसणारे ग्रॅनाइटचे खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांचे आहेत, हे शाळकरी मुलांना अवश्य सांगावे.

येथे वाटा दोन. आतली वाट झाडीतून जाते. तिला तिकीट आहे आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. दुसरी कुंपणाबाहेरून उद्यानाला वळसा घालते. तीवर कोणीही फुकट चालावे. पुरी फेरी पाच-सहा किलोमीटरांची भरते. जमीन टेकडीची असल्याने चढउतार आहेत. धावणाऱ्या तरुणाला ते हवेसेच वाटतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र पुऱ्या फेरीचा हट्ट धरू नये. अर्धा तास पुढे जावे, तेथून माघारी फिरावे. धावणाऱ्यांनी फेरी पुरी करून परत याच दाराशी मंडळींना गाठावे, म्हणजे कोणाची चाल कोणाला जाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचे खेळावे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, अशी गती ठेवली की श्रम मध्यम झाले असे समजावे. पाण्याची बाटली व शिवलेले, पायाला घट्ट बसणारे बूट एवढी सामग्री पुरे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वीच परतावे. मोरांना खाऊ घालू नये. रानातल्या प्राण्याला माणसाच्या हातची सवय लागणे त्याच्या हिताचे नाही. आणि चौघांनी हातात हात घालून सारी वाट अडवू नये, मागून धावत येणाऱ्यालाही जागा हवी असते!

वाचकहो, ही वाट आपोआप टिकलेली नाही. २०१६ साली उद्यानाभोवतीच्या चौकांवर उड्डाणपूल बांधण्यासाठी झाडे तोडण्याचे घाटले, तेव्हा येथे नित्य चालणारे नागरिक विरोधास उभे राहिले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. २०२० साली उद्यानाभोवती जो संरक्षित पट्टा जाहीर झाला, तो काही ठिकाणी अवघ्या ३ मीटर रुंदीचा आहे. २०२४ साली त्याच चौकांसाठी उड्डाणपूल व भुयारी मार्गांची योजना पुन्हा पुढे आली. वाहनांची कोंडी खरी आहे. गच्चीबावलीस रोज जाणारा आपलाच मुलगा तीत अडकतो, हेही खरे. परंतु रस्ता रुंद करताना पहिला घाव पायवाटेवर पडतो. मोटारीला चार मिनिटे वाचतात, आणि आजीला व लहानग्यांना निर्धास्तपणे पाऊल टाकण्याची जागा उरत नाही. त्यांच्यासाठी दुसरी सोय कोणी करीत नाही.

म्हणून या वाटेवर कुटुंबाने जावे, नुसते धावपटूंनी नव्हे. ज्या वाटेवर तीन पिढ्या चालताना दिसतात, ती मोडताना कोणालाही दोनदा विचार करावा लागतो. मेट्रोचे ज्युबिली हिल्स चेकपोस्ट स्थानक उद्यानाजवळच आहे. तेव्हा वाहन कोठे उभे करावे हीही विवंचना नको. येत्या रविवारी काचीगुड्याहून आजी निघू द्या, कोंडापुराहून नातू निघू द्या.